अण्णांची पद्मिनी

गेल्या चैत्रात आईला घेऊन कुंथलगिरीस निघालो होतो. वाहन अण्णांचेच, १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. पाली मागे पडली, मांजरसुंब्याचा घाट लागला आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. अर्ध्या चढणीवर बॉनेटखालून वाफ निघाली. मी घाईने रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेला, तोच आई ओरडली, "हात लावू नकोस! अण्णा अर्धा तास थांबायचे." टोपणाखालचे पाणी दाबाखाली असते, ते सैल होताच उसळून अंगावर येते, हे मला ठाऊक होते. तरीही हात गेलाच होता.

यात्रा राहिली. धाकटा भाऊ म्हणाला, "आता भंगारात द्या." त्याचेही अगदीच चुकत नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघायच्या थांबल्या त्याला दोन तपे उलटली. पण १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, आपल्यातलेच, याचा अण्णांना केवढा अभिमान! मूळ नमुना इटलीच्या फियाटचा असला, तरी ते तिला 'सोलापूरची' म्हणत.

मिस्त्रींनी प्रथम ऑइलची कांडी काढून पाहिली. ऑइल दुधाळ झाले नव्हते, म्हणजे पाणी आत उतरले नव्हते. "शेठजी, इंजिन वाचले," ते म्हणाले. मग एकेक दोष उघड झाला. पाण्याच्या पंपाचे सील गेले होते, खालच्या छिद्रातून थेंब गळत होते. रबरी नळ्या कडक होऊन चिरल्या होत्या. थर्मोस्टॅट तर जागेवरच नव्हता. आपल्याकडच्या उन्हाला भिऊन तो कोणीतरी कधीच काढून टाकला होता. त्यामुळे थंडीत इंजिन वेळेवर तापत नसे आणि पेट्रोल जास्त जळे. नवा आणल्यावर मिस्त्रींनी तो पातेल्यातल्या पाण्यात सोडून खाली शेगडी पेटवली. पाणी चांगले कढत झाल्यावर त्याचे झाकण सावकाश उघडले. बाजारातून आणलेला माल पारखून घ्यायची ही रीत मला दुकानदार म्हणून फार आवडली.

रेडिएटर उघडला तेव्हा मात्र मन खट्टू झाले. निम्म्या नळ्या पांढऱ्या थराने बुजल्या होत्या. अण्णा रेडिएटरमध्येही फडक्याने गाळलेलेच पाणी घालत. लोक हसत, मीही हसलो असेन. पण ते पाणी आमच्या बोअरचे. "फडके गाळ अडवते, क्षार नाही," मिस्त्री म्हणाले. विरघळलेले क्षार तापल्यावर नळ्यांना चिकटत राहिले. अण्णांना हे कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांच्यामागे मीही तेच पाणी घालत आलो.

नळ्या साफ करून पंप, पट्टा, नळ्यांचे रबर सगळे बदलले. आता बोअरचे पाणी बंद. शुद्ध पाण्यात मिसळलेले कूलंट. ते भरताना थोडे फरशीवर सांडले. त्यातले ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते. कुत्रे, वासरू चाटून मरू शकते. हे कळताच आईने स्वतः वाळू टाकून ती जागा पुसून घेतली, आणि ती वाळूही उघड्यावर टाकू दिली नाही.

ज्येष्ठात पुन्हा निघालो. घाटात काटा मध्यावरच राहिला. त्याच वळणावर आई म्हणाली, "थांब जरा."

"गाडी तापली नाही, आई."

"माहीत आहे. तू थांब."

मी गाडी कडेला घेतली.