काचेतली ओहोटी

काच म्हटली की आपल्याला बांगड्याच आठवणार! माझी भाची मात्र काचेतून समुद्र घडवते. माहेर आमचं वेंगुर्ल्याचं. ओहोटीच्या ओल्या वाळूवरच्या रेघा तिला काचेत हव्या होत्या. डेल चिहुली या अमेरिकन कलावंताने १९८० पासून शिंपल्यांसारख्या काचा घडवल्या, त्यांचे फोटो तिच्या खोलीभर!

भट्टीतली काच ११०० अंशांच्या आसपास तापलेली. लोखंडी नळीच्या टोकाला मधासारखा गोळा घ्यायचा, खाचांच्या साच्यात फुंकायचा की रेघा उमटतात. नळी सारखी फिरती हवी, थांबली की गोळा ओघळलाच. मग वस्तू ५०० अंशांच्या भट्टीत ठेवून हळूहळू निववायची. जाड असली तर दिवसच्या दिवस. घाई केली की आतल्या ताणाने तडकते. (गार पेल्यात उकळता चहा ओतून पाहिलाय ना?)

तिची पहिली लाट तडकलेलीच निघाली. बांगडी ‘वाढली’ म्हणतो आपण, तसंही म्हणता येईना. दादा म्हणाले, “पुरे झालं, बी.एड. कर.” वहिनी काही बोलल्या नाहीत. पाटल्या मोडून पुढची फी भरून आल्या.

आताची लाट माहेरी पश्चिमेच्या खिडकीत आहे. उन्हं कलली की भिंतीवर ओहोटीच्या रेघा उतरतात. दादा हल्ली चहा तिथंच मागवतात.