पणतवंडांना घेऊन वैनगंगेपलीकडे

१४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. चांद्याची दीक्षा मात्र मुलांना बसवून सांगावी लागते. १६ ऑक्टोबर १९५६ ला परमपूज्य बाबासाहेब नागपूरहून मोटारीने चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला आले आणि तेथे जमलेल्या अफाट जनसमुदायाला त्यांनी धम्माची दीक्षा दिली. हे घडवून आणण्यात बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा मोठा वाटा होता. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. विदर्भ मुंबई राज्यात गेला तो १ नोव्हेंबरला. आणि चांद्याच्या दीक्षेनंतर अवघ्या ५१ दिवसांनी बाबासाहेब आपल्याला सोडून गेले.

तो दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता मोजकी उरली. आमच्या घरी एक आहेत. माझ्या यजमानांचे आबाजी, वय ८६. आजी ८२ ची. दोघे गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी रस्त्याकडच्या एका लहान गावात राहतात. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला, पण आबाजींच्या तोंडी अजून 'आपला चांदा जिल्हा' हेच आहे.

आजींना चार वर्षांपासून विसर पडतो. आधी चुलीवर भात करपू लागला, मग भाजीचे पैसे दोनदा दिले जाऊ लागले, मग मुलांची नावे गेली. गावातल्या लोकांनी नेहमीप्रमाणे सांगितले, बाहेरचे असेल, पुजाऱ्याकडे न्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आबाजींनी पुजाऱ्याला पायरी चढू दिली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासले, डोक्याचा फोटो काढला आणि स्मृतिभ्रंश सांगितला. रक्ताची तपासणी का, तर थायरॉईड बिघडला, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले किंवा मन फार खचले तरी माणूस असाच विसरतो, आणि ते औषधाने सुधारते. आजींचे तसे नव्हते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा आजार असल्याचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत कोणी ना कोणी आहे. त्यांना आपण 'म्हातारचळ लागला' म्हणून हसतो, हे बरे नाही.

आमची थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. जायचे म्हटल्यावर नातेवाइकांनी अडवले. पोरे घाबरतील, आजी काहीबाही बोलते, बरी होती तेव्हाचीच आठवण राहू द्या. माझे म्हणणे असे की घाबरतात ती न सांगता नेलेली मुले. म्हणून निघण्याच्या आधी दोन दिवस त्यांना सांगितले : आजीचा मेंदू आजारी आहे. ती तुमचे नाव पुन्हा पुन्हा विचारील, तुम्ही पुन्हा पुन्हा सांगा. ती रागावली तर तो तुमचा दोष नाही. धाकट्याने विचारले, "तिला ताप आहे का?" नाही म्हटल्यावर त्याचे समाधान झाले.

१६ तारखेला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलो. डॉ. आंबेडकर महाविद्यालयाच्या आवारात दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला लोटणारी गर्दी, पुस्तकांची दुकाने, निळ्या टोप्या, भीमगीते. नागपूरच्या मानाने येथे मुलांना घेऊन जरा सुखाने फिरता येते. मुलांनी त्रिशरण-पंचशील म्हटले, एक पाटी-पुस्तक घेतले आणि उन्हाने लाल होऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरली. चंद्रपूर ते गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर. शहराचा धूर मागे पडला की चिचपल्लीकडे सागवान आणि बांबूचे जंगल लागते, मग मूल, मग सावली. मूलच्या पुढे दोन्ही बाजूंना धानच धान, ऑक्टोबरात लोंबीने वाकलेला. याच चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या आपल्याच समाजातल्या अल्पभूधारक शेतकऱ्याने शेतातली वेगळी लोंबी निवडून, जपून एचएमटी तांदूळ तयार केला. तो तांदूळ कितीतरी राज्यांत पोहोचला. दादाजींच्या घरी मात्र गरिबीच राहिली, आणि ३ जून २०१८ ला ते गेले. शाळेच्या पुस्तकात असायला हवे असे हे नाव मी थोरलीला खिडकीतून धान दाखवत सांगितले. तिने विचारले, घड्याळाचे नाव तांदळाला कसे? मला बरे वाटले. प्रश्न पडला म्हणजे लक्षात राहील.

व्याहाडनंतर वैनगंगेचा पूल. पलीकडे गडचिरोली जिल्हा. १९५६ मध्ये आबाजी १७ वर्षांचे असताना ही नदी त्यांनी डोंग्यातून ओलांडली होती. गावाहून बैलगाड्या नदीपर्यंत, पुढे पायी, बरोबर भाकरी आणि मुरमुरे. ही हकीकत आमच्या घरात प्रत्येक भीमजयंतीला सांगितली जाते. आबाजी सांगतात, लोक ऐकतात, आजी चहा आणून देतात.

घरी पोहोचलो तेव्हा आजी अंगणात बसून अंबाडीची पाने खुडत होत्या. हात अगदी व्यवस्थित चालत होते. थोरलीकडे पाहून म्हणाल्या, "कोनाची व्हय वो तू?" तिने नाव सांगितले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्या वेळी ती मुकाट्याने त्यांच्याजवळ बसली आणि पाने खुडू लागली. त्यानंतर प्रश्न आला नाही. मला वाटते ओळख लागते ती हाताला काम लागले की. म्हणून आपल्याकडच्या पाहुण्यांची जी सवय आहे, दारातून ओरडायचे, "आजी, मला ओळखलं का? सांगा बरं मी कोण!", ती सोडावी. ती परीक्षाच होते, आणि बिचारे माणूस सर्वांसमोर नापास होते.

आबाजी आता भात रांधतात, आजींची वेणी घालतात, लुगडे धुतात. ८६ वर्षांचा पुरुष बायकोची वेणी घालतो म्हणून गावात प्रथम लोक हसले. आजारी भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः न्हाऊ घातले, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती येथे रोज सकाळी सात वाजता पाहायला मिळते. धाकटा फणी धरून बाजूला उभा राहायचा.

दिवस बरा जातो. कठीण असते ती संध्याकाळ. ऊन उतरले की आजी अस्वस्थ होतात, लुगड्याच्या धडप्यात दोन भाकरी आणि कांदा बांधतात आणि दाराकडे निघतात. "मले चांद्याले जाचं हाय. गाडे निंगून जातीन." शहरात असे माणूस रस्ता चुकते. येथे घराच्या मागे जंगल आहे आणि या दोन जिल्ह्यांत वाघाने माणूस मारल्याची बातमी नवी नाही. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे वेचायला गेलेल्या बाया परत येत नाहीत. म्हणून आबाजींनी गाईच्या गळ्यातली घंटी दाराच्या कडीला बांधली आहे. दार हलले की घंटी वाजते. दवाखान्यातून मिळालेल्या कुठल्याही उपायापेक्षा हा मला पक्का वाटला.

पूर्वी आबाजी समजावत, "अवं, ते होऊन गेलं, साठ-सत्तर वर्षं झाली." त्यावर आजी रडत. आता ते म्हणतात, "गाडे उद्या पहाटे निंगतीन. आता जेव." मग आजी जेवतात.

आम्ही राहिलो त्या संध्याकाळी थोरलीने गाठोडे बांधायला मदत केली आणि सहज विचारले, "आजी, तू गेली होतीस का चांद्याला?"

आजी म्हणाल्या, "माय बाळतीन होती. मले घरी ठेवलं. सारे गेले."

आबाजी चुलीपाशी होते. ते बराच वेळ बोलले नाहीत. आजींचे माहेर शेजारच्याच गावी. तेथूनही गाडे गेले होते, आणि आजीही गेल्या असतील असे त्यांनी लग्नाआधीपासून धरले होते. १३ वर्षांची मुलगी मागे राहिली, तान्ह्या भावाला आणि आईला सांभाळले, आणि परत आलेल्या माणसांकडून तिने गावातच पंचशील घेतले. इतक्या जयंत्यांत तिला कोणी विचारले नाही. विचारणारे आम्ही सगळे चहा घेत होतो.

मग यंदा आजींना चंद्रपूरला न्यावे का, असे यजमानांच्या मनात आले. मी नको म्हटले. ती गर्दी, तो आवाज, ८० किलोमीटरची बस. अनोळखी जागी हा आजार वाढतो, आणि गर्दीत हात सुटला तर शोधायचे कुठे? आबाजींनाही ते पटले. त्याऐवजी गावच्या विहारात, सकाळच्या वेळी, पाच-सहा माणसांत आजींना बसवले आणि भन्तेजी नसल्याने आबाजींनीच त्रिशरण-पंचशील दिले. आजींचे शब्द कुठेही अडले नाहीत. संध्याकाळी त्यांनी पुन्हा गाठोडे बांधले, तो भाग वेगळा.

ज्यांच्या घरी असे माणूस आहे त्यांच्यासाठी : जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी तपासून घ्यावे. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून आहे. मनाच्या आजारांबद्दल मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. मुलांना न्यायचे तर सकाळी न्यावे, थोडा वेळ बसवावे, आणि सांभाळणाऱ्या माणसाला त्या दिवशी आपण रांधून जेवू घालावे. मी झिंग्यांचे कालवण केले. आबाजी दोनदा भात घेऊन जेवले आणि दुपारी तीन तास झोपले.

निघताना आजींनी धाकट्याला विचारले, "कोनाचा व्हय रे तू?"

तो म्हणाला, "तुझाच."

"मंग चाल्ला कुठं?"

त्याला उत्तर सुचेना. तेवढ्यात रस्त्यावर बस दिसली.