राजमान्य राजेश्री मंगळवार यांस

रा. रा. मंगळवारच्या आठवडे बाजारास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, तुम्हाला गावाबाहेर हलवायचं घाटतंय. ग्रामसभेत विषय निघाला. वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत तुम्ही पसरता, एसटी तासभर अडकून पडते, रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही. म्हणून बाह्यवळणाच्या पलीकडं माळावर तुम्हाला जागा द्यायची, असं बोलणं झालं. रुग्णवाहिकेचं म्हणणं खरं आहे, ते मी खोडणार नाही. पण त्या सभेत भाजी विकणारी एकही बाई नव्हती. सभा ठेवली होती उडदाच्या काढणीत, भर दुपारी. कोण येणार? म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. बाकीच्यांनी ऐकलं तर बरंच.

आधी खुशाली. इकडे सर्व क्षेम. उडीद घरात आला, ज्वारीच्या पेरण्या चालू आहेत, सीना नदीला यंदा पाणी आहे. लिंबं मातीमोल झालीत. वांग्याला भाव आहे, पण वांगी कुणाकडं फारशी नाहीत. हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे म्हणा. वीसेक गावांत कुठं किती पाऊस पडला, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा दहावा कधी आहे, हे आमच्याआधी तुम्हाला कळतं.

तुमचे उपकार गावानं कधी बोलून दाखवले नाहीत, ते आज मी दाखवते. नव्यानं बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला वाटतं, मंगळवारी भाजी मिळते, एवढंच. त्याला वर्षभरात कळतं की इथं सगळं तुमच्याभोवती फिरतं. शाळा-कचेऱ्यांना रविवारची सुट्टी असेल. शेतमजुराची सुट्टी मंगळवारची. त्या दिवशी बाई खुरपायला येत नाही आणि तिला कुणी बोलवतही नाही. आठवड्याची मजुरी सोमवारी संध्याकाळी हातावर पडते, कारण दुसऱ्या दिवशी तेल-मीठ भरायचं असतं. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरची सगळ्यात लांब रांग मंगळवारची. बँकेत, जनावरांच्या दवाखान्यात, तलाठ्याच्या दारात गर्दी मंगळवारची. फवारणी पंपाचा वॉशर, ताईच्या चपलेचा अंगठा, आजोबांच्या चष्म्याची काडी आणि धार गेलेला विळा ही सगळी कामं आठवडाभर तटून असतात आणि तुमच्या दिवशी एकाच पिशवीतून निघतात. आल्याबरोबर गिरणीत दळण टाकायचं, घिसाड्याकडं कुऱ्हाड शेवटायला द्यायची, मग दवाखाना, मग बाजार, आणि जाताना पीठ नि कुऱ्हाड घेऊन एसटी गाठायची. हे गणित पायी जमतं तोवरच जमतं. माळावर तुम्ही गेलात तर बाजार एकीकडं, दवाखाना एकीकडं, गिरणी तिसरीकडं. डोक्यावर पाटी आणि काखेत लेकरू असलेल्या बाईनं या तिन्ही ठिकाणी कसं जायचं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

आता एक जुनी गोष्ट काढते. माझ्या आईचं माहेर नदीपलीकडं, तीन कोसांवर. तिला माहेरी धाडायचे ते पंचमीला आणि दिवाळीला. मध्ये कुणी आजारी पडलं तरी चौकशी निरोपावर. पण मंगळवारी बाजाराला जायला सासूची ना नसायची, आणि नदीपलीकडून माझी आजीही भाजी घेऊन याच बाजाराला यायची. बांगड्यांचं दुकान लावणाऱ्या कासारांच्या पालामागं दोघींची जागा ठरलेली. ते एक रिकामं पोतं अंथरून द्यायचे आणि पाठ करून गिऱ्हाईक बघायचे. आजीच्या गाठोड्यात हुलगे, भुईमुगाच्या शेंगा, कधी दह्यातल्या मिरच्या. आई आधी रडायची, मग बोलायची, मग हसायची. मी शेजारी बसून शेंगा फोडत असायचे. निघताना आई घाईघाईनं मीठ आणि काडेपेटी घ्यायची, उशीर का झाला याला काहीतरी कारण हवं म्हणून. तालुक्यातल्या कितीतरी लेकींचं अर्धं माहेरपण असं तुमच्या पालांमागं झालंय. आता प्रत्येकीकडं मोबाइल आहे, हे कबूल. तरी परवा कटलरीच्या दुकानामागं दोघी मायलेकी बसलेल्या मी पाहिल्या. लेक भाकरी खात होती आणि आई तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत होती.

तुमच्यावर संकटंही मंगळवार बघूनच आली. 8 नोव्हेंबर 2016 हा मंगळवार. तुम्ही उठला होतात, बाया घरी जाऊन कमरेच्या पिशव्या सोडून पैसे मोजत होत्या, आणि रात्री आठ वाजता टीव्हीवर सांगितलं की पाचशेच्या आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. भाजीवालीकडं दहा-वीसाचा खुर्दा तरी होता. ज्या बाईनं त्या दिवशी शेळी विकली होती तिच्याकडं सगळ्या पाचशेच्याच नोटा होत्या. पुढच्या मंगळवारी गिऱ्हाईक आलं, पण हातात सुटे नव्हते. तेव्हा आपल्या बायांनी वाटे उधारीवर दिले. वही नाही, पेन नाही. कोण कुठल्या वस्तीवरचं, कुणाची सून, एवढ्या ओळखीवर मेथी, गवार, टोमॅटो लोकांच्या घरी गेले. बहुतेक पैसे परत आले. त्या पंधरवड्यात या गावात उपाशी कुणी झोपलं नाही, त्याचं श्रेय मी तुम्हाला देते.

मग 24 मार्च 2020. तोही मंगळवारच, आणि दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. साखरेच्या गाठी घालून ठेवलेल्या, कडुनिंबाचे डहाळे तोडलेले, आणि तुम्ही बंद. पुन्हा रात्री आठलाच देशभरच्या टाळेबंदीची घोषणा झाली. नंतरचे कितीतरी महिने पारापुढं मोकळी जागा तेवढी दिसायची. भाजी शेतात पिवळी पडली. म्हातारी माणसं मंगळवार उजाडला की सवयीनं पिशवी शोधायची. तुम्ही परत भरलात तेव्हा तोंडाला फडकं बांधलेल्या बाया एकमेकींना डोळ्यांवरून ओळखत होत्या.

हे झालं आभाराचं. आता गाऱ्हाणं, आणि ते मी मनात ठेवणार नाही.

तुम्ही बायांच्या जिवावर भरता आणि बायांचीच हयगय करता. सकाळी सातला येऊन जागा धरणारी बाई संध्याकाळी सातला उठते. एवढ्या वेळात तिला लघवीला जायला आडोसा नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात, डोक्यावर एक फाटकं पोतं ताणून, बारा तास पाण्याशिवाय. मूतखडा आणि जळजळ घेऊन त्याच बाया पुढच्या मंगळवारी केसपेपरच्या रांगेत उभ्या दिसतात. बाजारात बसणाऱ्याकडून फी घ्यायचा अधिकार ग्रामपंचायतीला 1958 च्या कायद्यानं दिलाय, आणि ती फी चोख वसूल होते. वसुलीचा दरवर्षी लिलाव होतो, ठेकेदाराचा माणूस दर मंगळवारी पावती फाडतो. पाटीभर कोथिंबीर घेऊन आलेल्या म्हातारीलाही सूट नाही. त्या पैशातून एक नळ, एक शौचालय आणि चार दिवे का होत नाहीत, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. शहरातल्या फेरीवाल्यांसाठी 2014 साली केंद्राचा कायदा झाला, त्यांची समिती असते, तिच्यात त्यांची माणसं बसतात. तो कायदा नगरांपुरता. गावच्या बाजारात बसणारी आमची बाई त्यात कुठंच येत नाही.

दुसरं. पूर्वी दिवसाची कमाई त्या बाईच्या कमरेला असायची. ती पिशवी सोडायची हिंमत घरातल्या कुणाची नव्हती. तिच्यातूनच पोरीचं दप्तर यायचं, भिशीचा हप्ता जायचा, नवऱ्याला न सांगता बहिणीला मदत व्हायची. आता प्रत्येक पाटीपुढं क्यूआर कोडची पाटी आहे. पैसे आले की डबी बोलते. गिऱ्हाइकाची सोय झाली, सुट्ट्यांची कटकट मिटली, मला ते मान्य आहे. पण मी विचारत गेले, तेव्हा कळलं की बहुतेक कोड मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याचे. भाजी तिनं पिकवली, तिनं तोडली, तिनं विकली. रक्कम डबीनं मोठ्यानं सांगितली आणि पैसे गेले दुसऱ्याच्या फोनवर. एक बाई मला म्हणाली, “आता मागून घ्यावं लागतंय.” बँक तुमच्यापासून पन्नास पावलांवर आहे. मंगळवारी तासभर एक टेबल टाकून या बायांची खाती आणि त्यांच्याच नावाचे कोड करून द्यायला काय हरकत आहे?

तिसरं म्हणजे तुमचा जनावरांचा बाजार. तो ओढ्याकाठी बाभळींखाली भरायचा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे हेडे, तोंड उघडून दात बघणारे शेतकरी, चार दाती, सहा दाती, जुळलेला असं बोलत बैलांच्या दावणीवरून फिरणारे आजोबा. सांगोल्याचा रविवार, काष्टीचा शनिवार, घोडेगावचा शुक्रवार या तुमच्या थोरल्या भावांकडं जनावरं अजून जातात. तुमचा मात्र मोडला. ट्रॅक्टर आले. 2015 च्या कायद्यानं बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, म्हातारा बैल विकेना, तसा नवा घेणाराही कचरू लागला. 2022 ला लम्पीची साथ आली, राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवले, आणि बंदी उठल्यावर आपल्याकडं दावणीला जनावर आलंच नाही. मला त्या बाजाराची हळहळ आहे. पण मी त्याची आठवण काढली ती एका कामासाठी.

ती जागा अजून मोकळी आहे. गावठाणातच आहे. गिरणीपासून हाकेच्या अंतरावर, दवाखान्याच्या मागच्या अंगाला. बाभळींची सावली आहे, जनावरांसाठी बांधलेला हौद आहे, त्याची डागडुजी केली तर पाणीही आहे. मुख्य रस्ता रुग्णवाहिकेला आणि एसटीला पूर्ण मोकळा सोडा, आणि भाजीचा बाजार तिथं, ओढ्याकाठी न्या. माळावर नको. माळावर गाड्या लावायला जागा आहे म्हणतात. तुमच्याकडं येणाऱ्या निम्म्या बायांकडं गाडीच नाही.

आणि हे तुमच्या हातात आहे, म्हणून तर तुम्हाला साकडं घालतेय. बाजार कागदावर कुठंही हलतो, पण गिऱ्हाइकाची पावलं जिथं वळतात तिथंच तो भरतो. येत्या संक्रांतीच्या बाजाराला, वाणवसा घ्यायला सगळी गावं येतील तेव्हा, तुम्ही तिथं बसून दाखवा. तिळगूळ, हलवा, गाजर, बोरं, ऊस, हरभऱ्याचे डहाळे, सुगडी, सगळं बाभळींखाली. मी, माझ्या बचत गटातल्या बाया आणि भाजी आणणाऱ्या नदीपलीकडच्या काही जणी असं ठरवून बसणार आहोत. तुम्ही आमच्यामागं उभे राहा.

ग्रामसभेचंही एक आहे. सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायद्यातच लिहिलंय. पुढच्या वेळी ती नावापुरती नको. कामं उरकल्यावर, रात्री आठला, मारुतीपुढच्या पटांगणात घ्या. सरपंचबाईंनाही मी तसं वेगळं लिहिते आहे.

थोरामोठ्यांना नमस्कार, पालामागं झोपलेल्या लेकरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
नदीपलीकडच्या भाजीवालीची नात

ता. क. शौचालय बांधायचं ठरलंच, तर त्याची किल्ली ठेकेदाराकडं नको आणि ग्रामपंचायतीच्या कपाटातही नको. भाजीवाल्या बायांपैकी जी सगळ्यात आधी येते, तिच्याकडं असू द्या.