बेट्टदपुरचा अण्णा

अण्णाची एका दिवसाची मजुरी माझ्याकडे राहून गेली होती.

थळच्या किनाऱ्यावर मी एका रात्रीपुरती प्रकाशाची मांडणी करत होतो. समोर खांदेरी बेट. 2014 च्या कोची-मुझिरिस बिएनालेत जितीश कल्लाट यांनी पंधराव्या शतकातल्या सागरी सफरींचा धागा प्रदर्शनात गुंफला होता, ते पाहून आल्यापासून मला आपल्या दारातला समुद्र खुणावत होता. विषय 1679 चा. मराठा आरमारातला मायनाक भंडारी बेटावर तट चढवतोय, मुंबईच्या इंग्रजांची जहाजं वाट अडवून उभी आहेत, आणि आपल्या उथळ बुडाच्या होड्या रात्री वल्ही मारत त्यांच्या मधूनच रसद पोचवतायत. मी चाळीस हॅलोजन आणि किल्ल्याच्या आकारासाठी ढीगभर एलईडी पट्ट्या मागवल्या.

जनरेटरबरोबर अण्णा आला. पेणच्या मांडववाल्याकडचा वायरमन, मूळ म्हैसूरकडच्या बेट्टदपुरचा. त्यांच्या डोंगरावरचा देव सिडिलु मल्लिकार्जुन. सिडिलु म्हणजे कडाडून कोसळणारी वीज. वायरमनला देव मिळावा तर असा!

दुपारभर तो मुकाट वायरी ओढत राहिला. संध्याकाळी मी त्याला होड्यांची गोष्ट सांगितली. ऐकून म्हणाला, "सर, होडी चोरून येत होती ना? मग एवढी लाईट कशाला?"

मी चिडलो. अर्ध्या तासाने हॅलोजन आणि पट्ट्या परत टेम्पोत चढवल्या.

उरले पाच कंदील, पाच होड्यांवर एकेक, लोकांच्या बाजूने पोत्याने झाकलेले. होडी वळली की क्षणभर उजेड, पुन्हा काळोख. मागे खांदेरीचा 1867 चा दीपस्तंभ आपल्या लयीत उघडमीट करत होता. तो आम्हाला फुकटच मिळाला. वाळूवर बसलेले कोळी बोलायचे थांबले. काही म्हाताऱ्यांनी कोणती होडी कुठे वळणार ते आधीच ओळखलं.

त्या पहाटेच घरून फोन आला म्हणून अण्णा गेला. पुढे मला जी कामं मिळाली, ती त्या काळोखामुळे.

दोन वर्षांनी बेट्टदपुरला गेलो. तो आखातात होता. आधी डोंगर चढलो, तीन हजारांवर पायऱ्या, मग घर शोधलं. आईने कॉफी दिली. शेजारच्या पोराने माझं हिंदी तिला कन्नडमध्ये सांगितलं. तिने मजुरीचं पाकीट उघडून नोटा दोनदा मोजल्या, एक पन्नासची बाजूला काढली आणि माझ्या हातात ठेवली. बसभाड्याला.