रिपोर्ट उद्या मिळेल

मामांचा छातीचा सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट उद्या संध्याकाळी. एक्स-रेत उजव्या बाजूला डाग दिसला, म्हणून हे सगळं.

मामांची सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेली, मोल्डिंग खात्यात. तिथल्या साच्यांच्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसली की बसलीच. सिलिकोसिस म्हणतात त्याला. काम सुटल्यावर कित्येक वर्षांनीही तो डोकं वर काढतो, आणि अशा फुप्फुसाला क्षय लवकर गाठतो. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात हा आजार नोंदवायच्या रोगांच्या यादीत होता. डॉक्टरांना तो मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवावा लागे. किती जण कळवत, देव जाणे!

मोबाइलवर शोधायचं नाही, अशी मामींची सक्त ताकीद आहे. पटतं मला. मोबाइल थेट कॅन्सरच्या दारात नेऊन सोडतो. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रणही असाच दिसू शकतो, हे मधे कुठेतरी राहून जातं.

मामा मात्र नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत मेथी निवडतायत. मी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहिले. धूळ की गाठ? जुन्या एक्स-रेशी ताडून बघता येईल का? थुंकी तपासायची का? काळजी तेवढीच राहिली, पण हाताला काम मिळालं.

तुमच्या घरात कुणी फाउंड्रीत किंवा दगडखाणीत राबलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा. आणि जुने एक्स-रे रद्दीत घालू नका.