लेबलावर नाव नाही

कार्टर फॅमिलीची गाणी मी आता आवडीने ऐकतो, आणि तरी लेस्ली रिडल हे नाव आठवलं की डोकं फिरतं.

पार्श्वभूमी थोडक्यात. 1927च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर नावाचा माणूस रेकॉर्डिंगचं सामान घेऊन अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावात आला. गावच्या मुख्य रस्त्याच्या एका कडेला टेनेसी, दुसऱ्या कडेला व्हर्जिनिया. तिथे जेमतेम दोन आठवड्यांच्या मुक्कामात त्याला कार्टर कुटुंबही सापडलं आणि गायक जिमी रॉजर्सही. कंट्री संगीताचा इतिहास इथूनच सांगायची पद्धत पडली आहे.

बालगंधर्वांच्या घासलेल्या तबकड्यांवर कान तयार झालेला असल्यामुळे खरखरीचं मला काही वाटत नाही. मी अडलो सारा कार्टरच्या आवाजापाशी. ना मुरकी, ना हरकत, ना कंप. गाण्यात माणूस मेलं काय आणि आगगाडी सुटली काय, बाईचा स्वर ढिम्म! दहा इंची तबकडीत मावतं तेवढं, तीनेक मिनिटांत गाणं संपतं, आणि आपण म्हणतो, झालं एवढंच? मग कधीतरी लक्ष याच कुटुंबातल्या मेबेलच्या गिटारकडे गेलं. ब्रिस्टलला आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, पोटुशी होती. अंगठ्याने खर्जाच्या तारांवर गाण्याची चाल काढायची आणि त्याच हाताच्या बोटाने बारीक तारांवर ठेका धरायचा, अशी तिची रीत. दोघं जण वाजवताहेत असं वाटतं. चाल सांगायचं काम गिटार करते आहे हे कळल्यावर साराचा तो कोरडा स्वर मला आवडायला लागला. नवख्याने शब्द समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये, आधी दोनचारदा नुसता तो अंगठा ऐकावा.

आता रिडल. साराचा नवरा ए. पी. कार्टर डोंगरदऱ्यांतून हिंडून जुनी गाणी गोळा करायचा. शब्द तो कागदावर उतरवून घ्यायचा. चाली मात्र त्याच्या डोक्यात टिकत नसत. ब्रिस्टलनंतर त्याला रिडल भेटला. हा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गमावलेला. एकदा ऐकलेली चाल त्याच्या डोक्यात पक्की बसायची. दोघं मिळून फिरले. कृष्णवर्णीय वस्त्यांतली दारं ए. पी.ला उघडली ती रिडल सोबत होता म्हणून. घरी परतल्यावर रिडलने वाजवून दाखवायचं आणि सारा-मेबेलनी उचलायचं. ‘द कॅननबॉल’ तर मेबेलला त्यानेच शिकवलं. तबकडीवर नाव छापलं गेलं ए. पी. कार्टर. रिडलचं नाव नाही, त्याला रॉयल्टी नाही.

कोणी म्हणेल, लोकगीताला कुठे कर्ता असतो? कबूल. मग ए. पी.चं तरी नाव कशाला? त्याचं उत्तर पीअरच्या धंद्यात आहे. पगारावर पाणी सोडून त्याने गाण्यांचे हक्क आपल्याकडे घेतले होते. त्यामुळे त्याला हवी होती ज्यांवर आधी कोणी हक्क सांगितलेला नाही अशी गाणी. नवी, नाहीतर नवी म्हणून नोंदवता येतील अशी जुनी. नोंदवायचं म्हटलं की कर्ता लागतो. तो कोण, हे ज्याचा करार त्याने सांगायचं. मला संताप येतो तो ह्या सरळपणाचा! यात कोणी दरोडा घातला नाही. फॉर्म भरताना एक माणूस गळला, इतकंच.

आणि तो गळायचाच, कारण याद्याच दोन होत्या. कृष्णवर्णीयांच्या तबकड्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून विकायच्या, गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ म्हणून. मग गोऱ्याच्या तबकडीवर कृष्णवर्णीयाचं नाव बसणार कुठे? 1930 साली जिमी रॉजर्सच्या ‘ब्लू यॉडल नं. 9’मध्ये ट्रम्पेट वाजवला आहे लुई आर्मस्ट्राँगने. हो, तोच आर्मस्ट्राँग. लेबलावर त्याचंही नाव नाही. (किशोरकुमारने यॉडलिंग उचललं ते याच रॉजर्सच्या तबकड्यांवरून, असं सांगतात.) 1923 साली हिलबिली तबकड्यांचा बाजार ज्या गाण्याने उघडला, ते फिडलिन जॉन कार्सनचं गाणं तर म्हाताऱ्या गुलामाच्या तोंडी घातलेलं आणि गोऱ्याने गायलेलं आहे. आज ते ऐकताना अंग चोरल्यासारखं होतं.

इतकं बोलून ए. पी.ला खलनायक ठरवावं, तर तेही जमत नाही. गोऱ्या-काळ्यांना एका टेबलावर बसू न देणाऱ्या अमेरिकेच्या त्या दक्षिणेत तो रिडलला बरोबर घेऊन हिंडला, त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. हे दोघं फिरले नसते तर कितीतरी गाणी गेली असती. पण गेली असती तर गेली असती, असंही कधी वाटतं. ज्याच्या डोक्यातून ती आली त्याच्या पदरात काय पडलं? रिडल पुढे उत्तरेला, रॉचेस्टरला गेला. तिथे त्याने गिटारही विकून टाकली.

1965 साली माइक सीगर या संगीतकाराने मेबेलकडे चौकशी करून त्याला शोधून काढलं आणि पुन्हा वाजवतं केलं. ती ध्वनिमुद्रणं ‘स्टेप बाय स्टेप’ या नावाने आज मिळतात. कार्टर फॅमिली ऐकणार असाल तर तीही जरूर ऐका. अल्बम निघाला 1993 साली. तेव्हा रिडल हयात नव्हता.