डॅशबोर्डवरचा दिवा आणि बाबांची वही

आमच्याकडे एक जुनी गाडी आहे. २००९ सालची, डिझेलवर चालणारी, राखाडी रंगाची. बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी ती घेतली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत जाऊन तिचं पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून आणलं, आणि त्या दिवशी येताना सगळ्यांसाठी जिलबी आणली. गाडीचं त्यांना किती कौतुक आहे ते यावरून समजावं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर. सुपर कॉरिडॉरवर ऑफिस. दिवसभर काम काय, तर प्रोग्राममधल्या चुका शोधणं. म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी बाबा म्हणाले, "अरे, तो कूलंटचा दिवा लागतोय," तेव्हा मला वाटलं, हा तर आपलाच प्रांत.

बॉनेट उघडलं. पाण्याच्या टाकीतली पातळी खालच्या रेघेला जेमतेम टेकलेली दिसली. म्हटलं, रेघेवर आहे ना, मग दिवा कशाला? दिवा लागायचाही विचित्र. सकाळी गाडी सुरू केली की लागायचा, पाच-सात किलोमीटर गेलं की आपोआप विझायचा. कधी वळणावर क्षणभर लुकलुकायचा. आमच्या धंद्यात असं कधी येणारं, कधी जाणारं दुखणं दिसलं की पहिला संशय तारांवर जातो. टाकीच्या सेन्सरचा प्लग काढला, तर पिनांवर हिरवट गंज. झालं! रविवारी स्प्रे मारून पिना साफ केल्या, प्लग बसवला. सोमवारी दिवा लागला नाही. मंगळवारीही नाही. मी जेवताना सगळ्यांना ऐकवलं, "सेन्सर खराब होता. उगाच घाबरवत होता."

बाबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मला मात्र गाडी थांबवल्यावर गोडसर वास येतो. काकवीसारखा."

"रस्त्यावरचा असेल," मी म्हणालो. इंदूरमध्ये कुठल्याही चौकात काही ना काही तळलं-उकळलं जात असतंच.

तीन आठवड्यांनी दिवा परत आला. मी ऑफिसच्या घाईत होतो. "पुन्हा पिना गंजल्या असतील, बघतो नंतर. तुम्ही लक्ष देऊ नका," एवढं सांगून निघालो. ते 'नंतर' काही आलं नाही.

मार्चमध्ये आई-बाबा ओंकारेश्वरला गेले. गाडी बाबाच चालवत होते, त्यांचं वय ७२. दुपारी मी मीटिंगमध्ये असताना आईचा फोन आला. बडवाहकडून परत येताना भेरूघाट चढता चढता गाडी तापली होती. मागे ट्रकची रांग, डोक्यावर ऊन, आणि आईच्या आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता. मी फोनवर दहा प्रश्न विचारले. त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

बाबांनी काय केलं ते मला रात्री समजलं. गाडीचा काटा एरवी ९० वर खिळलेला असतो. तो वर सरकताना दिसताच त्यांनी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो, त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता आत खेचली जाते. पण हीटरमधून गार वारा आला. बाबांनी तिथेच ओळखलं की हीटरपर्यंत पाणीच पोहोचत नाही. पुढच्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं. तासभर दोघं झाडाखाली बसले. टाकीला हात लावता येऊ लागल्यावर झाकणावर फडकं टाकून ते थोडंसंच फिरवलं, वाफ जाऊ दिली, आणि मग प्यायच्या बाटल्यांतलं पाणी थोडं थोडं करत ओतलं. दीड लिटरहून जास्त गेलं. संध्याकाळी सावकाश घरी आले.

तापलेल्या गाडीचं झाकण लगेच उघडू नये हे आपण सगळे ऐकून असतो, पण कारण माहीत नसतं. ही व्यवस्था घरच्या कुकरसारखीच आहे. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२०च्या आसपास उकळतं. झाकण काढलं की दाब एकदम उतरतो आणि आतलं सगळं उसळून अंगावर येतं. शिट्टी न काढता कुकर उघडायची हिंमत आपण करत नाही, तशीच इथेही करू नये.

त्या रात्री मी बाबांना विचारलं, "एवढं पाणी कमी झालं कधी?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग देवघराखालच्या खणातून एक छोटी वही आणली. तिच्यात तारखा होत्या. नोव्हेंबरपासून ते अधूनमधून टाकीत नळाचं पाणी घालत होते. आणि जानेवारीतल्या ज्या रविवारी मी पिना साफ केल्या, त्याच संध्याकाळी त्यांनी अर्धा लिटर पाणी घातलं होतं.

म्हणजे दिवा विझला तो माझ्या स्प्रेने नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवतो. इथे एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या आणि श्रेय मी घेतलं होतं.

"मला सांगितलं का नाही?"

"गाडीबद्दल काही बोललो की तू म्हणतोस, विकून टाकू."

यावर मला उत्तर नव्हतं. मी खरंच तसं म्हणायचो. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या गाडीपेक्षा त्यांच्या गाडी चालवण्याची काळजी होती. ते तोंडावर म्हणायचा धीर नव्हता, म्हणून गाडीला नावं ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सेन्सर कसा चालतो ते नीट वाचलं. टाकीत धातूच्या दोन काड्या बुडालेल्या असतात. कूलंटमधून त्यांच्यात वीज वाहते तोवर दिवा बंद. पातळी काड्यांखाली गेली की दिवा लागतो. कूलंट थंडीत आकसतं आणि गरम झालं की फुगतं. म्हणून काठावरची पातळी असली की दिवा सकाळी लागतो, मग विझतो, आणि वळणावर पाणी हललं की लुकलुकतो. मी ज्याला सेन्सरचं दुखणं म्हणत होतो, ते सेन्सर अगदी चोख काम करत असल्याचं लक्षण होतं.

मग बाबा आणि मी मिळून एकेक शक्यता खोडत गेलो. इंजिन गार असताना टाकीवर पट्टी चिकटवून खूण केली. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कोरडा. पुढच्या सीटखालचा गालिचा दाबून पाहिला, ओल नाही, म्हणजे हीटर गळत नव्हता. ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे पाणी इंजिनाच्या आत जात असल्याची, सगळ्यात महागड्या दुखण्याची, खूण दिसत नव्हती. आणि तरीही पाच दिवसांत पातळी बोटभर उतरली.

शेवटी आमच्या भागातल्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी टाकीच्या तोंडाला हातपंप आणि घड्याळ लावून आत दाब भरला. दहा मिनिटांत काटा हळूहळू खाली आला. विजेरी आणि छोटा आरसा घेऊन ते बराच वेळ वाकून होते. मग म्हणाले, "बाबूजी, वॉटर पंप रिस रहा है. इधर देखिए." टायमिंग बेल्टच्या कव्हराआड, खालच्या कडेला गुलाबी, खरबरीत खपली जमली होती. गाडी गरम आणि दाबाखाली असतानाच थेंब झिरपायचे, तापलेल्या इंजिनावर पडून तिथेच उडून जायचे. म्हणून पुठ्ठा कोरडा. आणि म्हणूनच वास.

कूलंटमधल्या ग्लायकोलचा वास गोडसर असतो. बाबांचं नाक तीन महिने बरोबर सांगत होतं.

त्याच बेल्टवर पंप फिरतो. तो बेल्ट कूलंटने भिजून तुटला असता तर इंजिनच गेलं असतं. पंप, बेल्ट, त्याचा टेन्शनर, सगळं बदललं. नळाच्या पाण्याचा गाळ धुऊन काढला, कंपनीने सांगितलेल्या प्रकारचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरलं. सगळा खर्च सोळा हजार. तेवढ्यात गाडी विकायचा विषय मी काढला नाही.

त्याऐवजी मी बाबांशी एकदा सरळ बोललो. घाटात आणि रात्री एकट्याने गाडी नेऊ नका, मला काळजी वाटते, असं म्हणालो. ते म्हणाले, "रात्रीचं मान्य. समोरचे दिवे मलाही त्रास देतात. घाटाचं बघू." मी हो म्हणालो. भेरूघाटात त्यांच्या जागी मी असतो तर हीटर लावायचं मला सुचलं नसतं.

आई मात्र अजून सुनावते, "दोघांनी एकमेकांना वेळेवर सांगितलं असतं, तर माझी ओंकारेश्वरची फेरी झाडाखाली उकडत गेली नसती."

तुमच्याकडेही जुनी गाडी असेल आणि असा दिवा लागत असेल, तर आधी तो खरं बोलतोय असं धरून चाला. गार इंजिनावर पातळी पाहा, खूण करा, तारीख लिहा. आणि घरात कोणी वारंवार पाणी घालत असेल, तर रागावू नका, किती घातलं ते विचारा.

आमची वही आता देवघराखाली लपलेली नसते, गाडीच्याच खणात असते. दर रविवारी पोहे झाले की बाबा बॉनेट उघडतात, मी विजेरी धरतो. गेले चार महिने पातळी खुणेवरच आहे. तरी बाबा वास घेऊन बघतात, आणि आता मीही घेतो.